खदानीतलं जळकं थर्माकोल

नोकरीतली ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. भालकी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा पीएसआय होतो. एका सकाळी जवळच्याच एका गावाबाहेरच्या बंद खदानीत एक म्हातारा मेंढपाळ मरून पडलेला सापडला. चुकलेली मेंढरं हाकायला तो आत उतरला होता. जवळच थर्माकोलचा ढीग धुमसत होता. शवविच्छेदनात श्वासनलिकेत काजळी निघाली; धुरानं गुदमरला होता.

दुपारी टीव्ही-फ्रीजच्या एका दुकानदाराचा फोन आला. "साहेब, खदानीजवळच्या शेडमधली बाई थर्माकोल जाळती. सगळ्या गावाला माहीत हाय."

सांगणारा प्रतिष्ठित, म्हणून मी फार खोलात शिरलो नाही. त्या बाईला गाव अक्का म्हणायचं. तीन बायकांना हाताशी घेऊन ती पॅकिंगचं टाकाऊ थर्माकोल गोळा करायची आणि यंत्रात वितळवून त्याचे ठोकळे करायची. ते हैदराबादच्या कारखान्यात जात. मी तिला चावडीवर बोलावलं आणि गावासमोर दरडावलं, "तुझ्यामुळं माणूस मेलाय. कबूल करतीस का?"

"साहेब, जाळलं तर मी विकू काय?"

उत्तर सरळ होतं. मला ते उद्धट वाटलं. शेडला सील ठोकलं आणि तीन दिवस तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवलं.

चौथ्या दिवशी मुद्देमालाची यादी करताना आमच्या हवालदार बाईंनी खदानीतून आणलेला एक अर्धवट जळलेला तुकडा उलटा केला. फ्रीजच्या कोपऱ्याला लावतात तसला. चिकटपट्टीवर त्याच दुकानाचं लेबल होतं. दुकानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर चौकशीला आणला. हवालदार बाईंनी पाणी दिलं, तेव्हा तो बोलला.

"त्या दिवशी थर्माकोल द्यायला गेलो तर अक्काचं शेड बंद होतं. मालक म्हणले, माल वापस आणू नको, खदानीत टाकून काडी लाव."

"म्हातारा दिसला होता?" मी विचारलं.

"धूर झाल्यावर. खाली उतरायलता."

"मग हाक कामून मारली न्हाईस?"

"मालकाचं नाव निघंल म्हणून."

संशय आपल्यावर येऊ नये म्हणून दुकानदारानं अक्काकडं बोट दाखवलं होतं. दोघांवर गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं.

शेडचं सील काढायला मी स्वतः गेलो. तिच्याकडच्या दोन बायका तोवर गाव सोडून हैदराबादला मजुरीला गेल्या होत्या. अक्का आत जाऊन थर्माकोलवरच्या चिकटपट्ट्या सोलायला बसली.

"चूक झाली," मी म्हणालो.

तिनं काम थांबवलं नाही. "चावडीवर येऊन म्हणा, साहेब."

येतो म्हणालो. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली, तोवर मी गेलो नव्हतो. ठाण्यापासून ते गाव चार किलोमीटरवर होतं. चारचौघांत केलेला आरोप चारचौघांतच मागे घ्यावा लागतो, हे त्या तपासानं मला शिकवलं. पुढच्या नोकरीत मी ते पाळलं. तिच्या बाबतीत राहून गेलं.