शिलाच्या हातातला विळा

शिरड शहापूरच्या शिलाला लग्नात गाव बदलावं लागलं, माणसं नाही. सासू नर्मदाबाई म्हणजे तिच्या बापाची सख्खी बहीण. आपल्या लेकाला, माऊलीला, मामाचीच पोरगी करायची हे शिला पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं. लग्नानंतरही ती सासूला आत्याच म्हणायची, आणि आत्या तिच्या केसांना स्वतः तेल लावायची.

रुद्र झाला आणि ते तेल बंद झालं. पोरगं वाढेना. डोळे खोल गेले, तोंड म्हाताऱ्यासारखं सुकलं. हाडं भरतील म्हणून आत्या त्याला चोळून अंगणात बाजेवर उन्हात टाकायची. एकदा शिला धुणं धुऊन आली तर पोराच्या गालांवर, पाठीवर टरारून फोड.

"हिनंच कढत पाणी वतलं असंल," आत्या माऊलीला म्हणाली.

माऊलीनं कासरा दुमडून शिलाला मारलं. कानातलं फूल ओढलं गेलं, पाळी फाटली. तशाच कानानं ती पोराला घेऊन नांदेडला गेली.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आपल्या पेशीत डीएनएचा धागा रिळावर गुंडाळल्यासारखा असतो. उन्हानं तो तुमचा-माझाही बिघडतो. दुरुस्त करायला आधी गुंडाळी सैल व्हावी लागते. ती सैल करणारं प्रथिन याच्या अंगात धड नाही. आई आणि बाप, दोघांकडून खराबी आली तरच असं होतं. नात्यातलं लग्न आहे?"

"आत्याच्या घरी दिलंय मला."

"मग एकाच घरातून दोन्हीकडं आलं असणार. बरं करायचं औषध नाही. पण ऊन लागू देऊ नका."

शिलानं खिडक्यांना जुनी लुगडी बांधली. आत्या गल्लीभर सांगत सुटली, "लेकरू कोंडून मारून राहिली!" आणि वाळत्या पोरांच्या पोटावर अवसेला तापल्या विळ्यानं डाग देणाऱ्या कोंडीबाला बोलावलं.

शिला गोठ्यातून आली तेव्हा माऊलीनं रुद्रचे पाय धरले होते. चुलीतला विळा लाल झाला होता. कोंडीबानं तो उचलला. शिलानं त्याच्या छातीवर शेणाची पाटी हाणली. विळा खाली पडला. तिनं पदरानं त्याची मूठ धरली. माऊलीनं तिची वेणी धरून ओढलं, तशी ती वळली आणि पातं त्याच्या दंडावर टेकवलं. चामडी चरचरली. तो किंचाळत खाली बसला. कोंडीबा पळाला.

"काहून गं सटवे, नवऱ्याला डागती?" आत्या ओरडली.

"अर्धं दुखणं त्याचं हाय. अर्धं माझं." शिलानं तेच पातं स्वतःच्या मनगटावर दाबलं. दात खाऊन उभी राहिली. "दोघांचं बी तुमच्या माहेरचं, आत्या. लेकराला सोडा. घ्या, आता तुमची बारी."

तिनं विळ्याची मूठ आत्यापुढं धरली. आत्याचा हात उठला नाही.

"माझा धाकला भाऊ," ती म्हणाली, "असाच वाळला होता. बानं त्याला साऱ्या पोटावर डागलं, त्यातच गेला. मीच पाय धरले होते."

तिनं बादलीतलं पाणी चुलीवर ओतलं. धूर झाला. माऊली उठला आणि त्यानं भाजल्या हातानं शिलाच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आदळली. आत्यानं तिला सोडवलं नाही. रुद्रला उचलून तिनं लुगड्यांच्या अंधारात नेलं आणि आतून कडी घातली.