मंडईचा पडदा आणि कुजकं पाणी

उन्हात विसरलेली मासळी, तिच्यावर फुलदाणीतलं शिळं पाणी आणि वर म्हशीच्या डबक्यातला गाळ. हा वास मी माझ्याच चित्राच्या प्रदर्शनात घेतला, चेहऱ्यावर कलावंताला शोभणारं गंभीर हसू ठेवून.

आमचं गाव पवनीकडचं. ते धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही आखीव प्लॉटांच्या वसाहतीत आलो. गाव गेलं की माणसाचं काय उरतं, हेच मी चित्रकार म्हणून रंगवत आलो. यंदा जुनी गल्ली लांबलचक कापडी पडद्यावर काढली, एकेक दार, एकेक पायरी. आधी भंडाऱ्यात प्रदर्शन, मग पडदा थेट आमच्या मंडईत. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथं दंडार म्हणजे गाणी-सोंगांचा लोकनाच रंगतो. वसाहतीत आल्यापासून आमची भरलीच नव्हती. यंदा भरणार होती ती मोठमायच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या हट्टापायी. तिला दंडार त्या गल्लीसमोरच हवी होती.

प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या बाई पुण्याच्या. "चित्र फार सुखी दिसतंय," त्या म्हणाल्या, "विस्थापन अंगावर यायला हवं." म्हणून त्यांनी धरणाचं पाणी ड्रमांनी आणवून पडद्याखालच्या पत्र्याच्या हौदात ओतलं, कापडाची खालची कड बुडेल इतकं. शेवाळ, जलपर्णी, फुगलेली एक मासोळी. उद्‌घाटनाला पाहुणे नाकाला रुमाल लावून "फारच अस्वस्थ करणारं" म्हणत होते. एका साहेबांनी तोंडातला समोसा हळूच रुमालात परत केला.

मी म्हणालो, "बाई, पाणी काढा."

"कापड पाणी शोषतंय, तोच तर अर्थ आहे."

दोन दिवसांनी मोठमाय एसटीनं आली. हिरवी ओल तोवर पायऱ्या गिळून दारांच्या कड्यांपर्यंत चढली होती.

"काहून रे बाबू, गाव परत बुडवून राहिला काय?"

"मी नाही, मोठमाय. या बाईंनी..."

"मंग उभा काहून आहेस? काढ."

बाई "कलाकृती आहे ती, कलाकृती" करत धावल्या. मोठमायनं लुगडं वर खोचलं, त्या घाणीत पाय घातला आणि त्यांना म्हणाली, "तुमी तिकडून धरा. जपून, माह्या घराची भिंत आहे." आणि बाईंनी, देवाशपथ, धरलं.

पडदा किती धुतला, वास गेला नाही. खालचा भाग सडला होता, तो कापून टाकावा लागला. मंडईच्या दिवशी गल्ली उभी राहिली ती पायऱ्यांशिवाय, घरं अधांतरी. लोक नाक दाबून आपापलं दार शोधत होते.

"माह्या घरात आता चढू कसा?" एक शेजारी म्हणाला.

"तू तर भिंतीवरूनच येत होतास," मोठमाय म्हणाली. मग तिनं दोन विटा आणून स्वतःच्या दारासमोर रचल्या. ते पाहून दुसऱ्यानं आणल्या, तिसऱ्यानं आणल्या. दंडार सुरू झाली तेव्हा पडद्यापुढे विटाच विटा होत्या, नाचणारे ठेचकाळून शिव्या घालत होते आणि वास जसाच्या तसा येत होता.