कावडीचा पुढचा माणूस

राजापेठेत मी ज्या क्लासमध्ये शिकवतो, तिथं जिन्यात 'नेता कसा असावा' असा मोठा फलक लावलाय. जाता-येता तो डोळ्यांपुढं येतो आणि माझं डोकं फिरतं. नेता कसा असतो ते मी अकोल्यात पाहिलंय, हातभर अंतरावरून.

माझा मोठा भाऊ आमच्या मंडळाच्या कावडीचा पुढचा माणूस होता. श्रावणात पूर्णेचं पाणी खांद्यावरून अनवाणी अकोल्याला आणायचं आणि महादेवाला घालायचं. लांबलचक लाकडी बल्लीला पाण्याची पितळी भांडी बांधलेली, तिच्याखाली आम्ही सगळे. दमलेल्यानं हात वर केला की बाजूनं चालणारा त्याच्या जागी खांदा देतो. पुढच्याला मात्र बदली नाही. पुढचा वाटेत बदलला तर वर्ष वाईट जातं म्हणे. हा दंडक कोणी घातला ते कोणाला ठाऊक नाही, पण मोडायची छाती कोणाचीच नाही.

त्या वर्षी नदीवरच मला त्याचं लक्षण बरं दिसेना. त्यानं चहा नको म्हटलं. हा माणूस आणि चहाला नाही म्हणतो?

"काहून रे भाऊ, बरं नाही का तुले?"

"पित्त झालं असंन. तू तुह्यं पाह्य."

 आमच्या घरात मोठ्या भावाला दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

उजाडल्यावर आम्ही शहरात शिरलो. डीजे सुरू झाला, गच्च्यांवरून फुलं पडू लागली, मोबाइल वर झाले. मी भावाच्या अगदी मागं होतो. त्याची मान राखेसारखी झाली होती. घाम सगळ्यांनाच होता, पण त्याचा शर्ट पाण्यातून काढल्यासारखा अंगाला चिकटला होता. तो मान न वळवता म्हणाला, "छातीत दुखून राह्यलं."

"थांब ना मंग! हात वर कर!"

त्यानं हात वर केला. खरंच केला. कावड जराशी मंदावली, तेवढ्यात मागून आरोळी आली, "काय झालं बे? भाऊ थकला काय?" कोणी तरी हसलं. मग सगळेच ओरडू लागले, "आपला भाऊ वाघ आहे, वाघ!" तो हात हळूहळू खाली आला आणि माझा भाऊ आधीपेक्षा जोरात चालू लागला.

लहानपणापासून मला वाटायचं, तो नेतो आणि आम्ही जातो. कायचं नेतो! मागच्यांच्या पावलांनी बल्ली त्याला पुढं रेटत होती. थांबायची सोय त्यालाच नव्हती. मी असा घाबरलो की काय सांगू. मी ओरडलो, ते डीजेत विरलं. शेवटी बल्ली सोडली, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला ओढून बाहेर काढला. लगेच एकानं त्याच्या जागी खांदा घातला. कावड थांबली नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पडलेलो, आणि शेजारून जाणारी ओळखीची तोंडं माझ्यावर खेकसत होती, "अपशकुन केला लेका तू!"

ऑटोनं त्याला दवाखान्यात नेला. वाचला. डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच झापलं. आणखी थोडं चालला असता तर हाती लागला नसता. आता जन्मभर ओझं उचलायचं नाही, असं बजावलं.

त्याला वॉर्डात हलवल्यावर मंडळाचे दोघं आले. नारळ आणि अंगारा घेऊन. तब्येत विचारून झाल्यावर त्यातल्या वडीलधाऱ्यानं खिशातून टेप काढली. पुढच्याचा खांदा बल्लीच्या मापात बसावा लागतो.

"जागा घरातच राह्यली पाह्यजे," तो मला म्हणाला. "यंदा मोडता आला, पुढं नाही आला पाह्यजे. उभा राह्य बरं."

खाटेशी बसलेली वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, नाही म्हना."

भावाकडं पाहिलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. मला राग आला, असा की शिवी अगदी ओठावर होती. टेप टाचेपासून पाठीवरून वर सरकत गेली. ती खांद्याशी पोचली तेव्हा मी श्वास भरून ताठ उभा होतो, माप कमी भरू नये म्हणून.