शिवेचा दगड

"चुलीतच येतेय. ठोक तिथंच."

मोजणीचा साहेब दाराबाहेरून ओरडला. नाकाला रुमाल होता. महाराचं घर, आत यायचा प्रश्नच नव्हता. आत मी होतो. एका हातात मोजणीच्या साखळीचं टोक, दुसऱ्या हातात मोगरी, काखेत लाकडी खुंटी. घर माझं. चूल माझ्या आईची. तव्यावर भाकरी.

मी म्हणालो, "साहेब, हातभर बाजूला घेतली तर?"

"रस्त्याची रेघ सरळ जाते. तुझ्या आईच्या भाकरीसाठी वाकवायची का रे ती?"

कारकून हसला. आईनं तवा उतरवला, जळती लाकडं ओढून विझवली, निखारे हातातल्या फुंकणीनं बाजूला सारले आणि मला जागा करून दिली. मी खुंटी ठोकली. पाच घाव घातले. तिसऱ्याला चुलीची एक कड फुटली. आई एवढंच म्हणाली, "तुज्याच हातानं रं?"

खुंटी काढली तर गुन्हा, असं साहेब जाताना सांगून गेला. त्या दिवसापासून आईनं दारात तीन दगड मांडून भाकरी केली.

मी काही अडाणी गडी नव्हतो. लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलो होतो. तिथं नकाशा वाचायला शिकलो. रान कुठलं, ओढा कुठला, हे कागदावर ओळखून माझ्या माणसांना जिवंत परत आणलं होतं. सांगलीत परतलो, तर माझ्यासाठी एकच काम रिकामं होतं, मोजणीची साखळी ओढायचं. नकाशा साहेबाच्या हातात, साखळी माझ्या.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. नवा जिल्हा होणार, शहर वाढणार. आता सगळा देशच नव्यानं आखायचा आहे, असं साहेब चहा पिताना सांगायचा. वरून नवे नियम आलेत, तोंडी कारभार संपला, जे असेल ते कागदावर. सरळ रस्ते होणार, बाजार होणार, बंगल्यांचे प्लॉट पडणार. ऐकायला मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. या आखणीत आपलाही एखादा कोपरा असेल असं वाटायचं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

आणि या आखणीची सुरुवात केली कुणी? माझ्या बापानं.

गावची शीव दाखवायचा मान महाराचा. एरवी आम्हाला पाणी वरून ओतायचे, पण शिवेचं भांडण पेटलं की सगळा गाव आमच्या दारात. मग बाप आंघोळ करायचा, उपाशी राहायचा, अनवाणी निघायचा. डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवायचा आणि शीव चालून दाखवायचा. ढेकूळ डोक्यावर असेपर्यंत खोटं बोललं तर वंश बुडतो, असं आमच्यात मानतात. त्यानं दाखवलेली शीव कुणी मोडली नाही.

साहेबाला जुन्या शिवेचे दगड हवे होते. ते गवतात, काट्यात, ओढ्याच्या दरडीत गडप झालेले. बापाला बोलावणं आलं. म्हातारा हरखला. सरकारनं आपल्याला विचारलं, याचंच त्याला लय कौतुक. ढेकूळ घेऊन तो भर उन्हात चालला आणि ओढ्याकाठी एका बाभळीच्या बुडाशी थांबला.

"ह्यो पयला दगड, सायेब. हितनं शीव."

मी काटे तोडले. दगड निघाला. साहेबानं तिथूनच सगळी मापं धरली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि ही तुमची वस्ती कुणाच्या जागेवर रे?"

ढेकूळ अजून बापाच्या डोक्यावर होतं. तो म्हणाला, "गावाच्या. आमी राखणदार. आमच्या नावावर काय न्हाई."

साहेबानं लिहून घेतलं.

कुणी शहाणा असता तर 'आमचीच' म्हणाला असता. पण डोक्यावर माती असताना आपल्या फायद्याचं बोलायचं, हे माझ्या बापाला सुचणंच शक्य नव्हतं. त्या एका खऱ्या बोलण्यानं आम्ही उपरे झालो.

हरकती घ्यायला मुदत दिली होती. नोटीस कचेरीच्या आतल्या भिंतीवर. आत जायला कायद्यानं मनाई नव्हती, दारात शिपाई होता. शेवटच्या दिवशी मी आणि बाप त्याला न जुमानता आत घुसलो. टेबलावर नकाशा पसरलेला. मी उलट्या बाजूनं वाचला. पेठ होती, देवळं होती, हळदीच्या अडत्याची वखार होती, कुणाचा तरी गोठासुद्धा होता. आमच्या घरांच्या जागी कोरा कागद. त्यावरून रस्त्याची रेघ गेलेली.

बाप हात जोडून म्हणाला, "सायेब, शीव माज्या तोंडावर घेतली. तशी घरंबी घ्या. सात पिढ्या ऱ्हातोय आमी हितं."

"शिवेला तुझं तोंड चालतं. घराला कागद लागतो."

बापानं उपरण्याची गाठ सोडली. वस्तीतलं ढेकूळ बांधून आणलं होतं. ते त्यानं डोक्यावर ठेवलं. "आता इचारा," म्हणाला. माती सुटली. कपाळावरून, खांद्यावरून खाली सांडली.

साहेबानं खाली बघितलं. "फरशी घाण केलीस. आधी ती पूस."

माझ्या बापानं, ज्याच्या शब्दावर गावं मागे सरली, त्यानं गुडघ्यावर बसून उपरण्यानं ती फरशी पुसली. मी उभा राहून बघितलं. त्या उभं राहण्याची लाज मला अजून वाटते, मरेपर्यंत वाटेल.

मग माझ्या तोंडून निघालं, "साहेब, नकाशा चुकलाय. आमची घरं काढलेली नाहीत."

"तुला रे कधीपासून नकाशा कळायला लागला?"

सगळी कचेरी हसली. माझ्या खांद्यावर साखळी होती. ती मी त्याच्या नकाशावर फेकली. सगळी, खणखणत. हसणं थांबलं. मी बापाला हाताला धरून उठवलं आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या साखळीला हात लावला नाही.

घरं पाडली. आम्हाला कुपवाडच्या बाजूला माळावर सोडलं. नुसता खडक. पाणी डोक्यावरून आणायचं, तेही कुणी भरू दिलं तर. चुलीवर मुरूम पडला, मुरमावर खडी पडली, रस्ता झाला. बाप माळावर फार दिवस जगला नाही. दिवसभर गावाकडं तोंड करून बसायचा आणि एकच बोलायचा. "शीव म्याच दावली. म्याच." त्याला मारलं त्या कचेरीनं. मी असंच म्हणतो, कुणाला चालो न चालो.

आणि मग, परवा, साहेब माळावर आला.

बरोबर हळदीचा अडत्या होता. त्याचा प्लॉट आणि शेजारच्या वकिलाचा प्लॉट एकमेकांत घुसले होते. भिंत अर्धी उठलेली, दोघं कोर्टात. साहेबाची नोकरी टांगणीला. सगळी मापं पहिल्या दगडापासून धरलेली आणि पहिला दगडच सापडेना. बाभळ तोडलेली, ओढा बुजवलेला, वर भराव. हौसेनं सपाट केलं होतं सगळं.

साहेबानं पाणी मागितलं. आईनं दिलं. तांब्या तोंडाला लावून प्याला, आमच्या घरचं. रुमाल खिशातच राहिला.

"तुम्ही त्या वेळी बरोबर होता," तो म्हणाला. "वडील तर गेले. आता तुम्हीच सांगू शकता. अहो, एवढा दगड दाखवा."

मी कधीपासून 'तुम्ही' झालो, ते विचारलं नाही. आईकडे बघितलं. ती तीन दगडांवर भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माजी चूल दाव म्हनावं आदी."

मी म्हणालो, "ऐकलंत? आईच्या चुलीतली खुंटी काढून आणा. मी ठोकलीय, जागा मला माहीत आहे. रस्ता खणा. खुंटी हातात द्या, मग दगड दाखवतो."

"सरकारी रस्ता आहे तो. असा कसा खणता येईल?"

"मग दगडही घावायचा नाही."

अडत्या भडकला. "माजलेत लेकाचे," म्हणाला. साहेबानं त्याचा हात दाबला. गरज त्याची होती. दोघं खडकातून ठेचकाळत उतरले. मी बघत राहिलो आणि मला आनंद झाला. लपवत नाही. फार दिवसांनी पोटभर आनंद झाला.

दगड कुठे आहे ते मी डोळे झाकून सांगू शकतो. वकिलाच्या विहिरीपासून किती पावलं आणि कुठल्या दिशेला, तेही सांगू शकतो. खोटा दगड दाखवणार नाही, तेवढी बापाची शपथ पाळीन. पण खरंही सांगणार नाही. मुलांना शाळेत घालीन, नकाशा वाचायलाच काय, काढायला शिकवीन. पुढच्या आखणीला कागद त्यांच्या हातात असेल. हा दगड मात्र त्यांनाही सांगणार नाही. तो माझ्याबरोबर जाईल. कोर्टात जा, भिंती पाडा, एकमेकांची डोकी फोडा.

भांडा.