दुसरा कप
सुकटीच्या डब्याचं झाकण उघडलं की मला अजून एक सूपचं पातेलं आठवतं. जपानी शिकत होते तेव्हा आमच्या क्लासने दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जपानी उत्सव भरवला होता, नेमका श्रावणात, आणि मला सूपच्या स्टॉलवर उभं केलं होतं. वर कागदी कंदील, समोर वाफाळतं पातेलं. लालबागहून आलेल्या एका आजींनी विचारलं, "यात मासळी नाय ना? श्रावण पाळतंय मी." मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही हो आजी, सोयाबीनचं आहे." त्या कोपऱ्यात जाऊन चवीने पीत होत्या, तोवर आमच्या जपानी बाईंनी पातेल्यात पाणी वाढवलं आणि आधीसारखीच आणखी एक पुडी फोडून वाळक्या माशाचा कीस आत सोडला. थेट सुकटीचा वास! सांगू की नको, सांगू की नको, करता करता आजी रिकामा कप पुढे करून समोर उभ्या. "आजी, चुकलं माझं, यात मासळी आहे," मी कसंबसं म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, "माका पयल्याच घोटाक वास इलो गे बाये. तू नाय म्हटलंस, म्हणान पियालंय. आता दुसरो कप कसो घेऊ?" आणि कप टेबलावर ठेवून गेल्या. खरं बोलल्याची एवढी चुटपुट मला पुन्हा कधी लागली नाही.