सेल काढलेला प्लेअर

मी केमिस्ट आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी करते. रीडिंग जुळलं नाही तर पुन्हा घ्यायचं, तरी नाही जुळलं तर चूक आपली... या सवयीत आयुष्य गेलं. या ग्रुपवरचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाला कारणं शोधून द्यायचे. आज स्वतःचा लिहितेय, कारण त्याला कारण सापडलेलं नाही.

आम्ही बोईसरला राहतो – मी, नवरा नितीन आणि माझे बाबा. बाबा मूळचे पालघरजवळच्या माहीमचे, केळी-नारळाच्या वाडीवाले. आई गेल्यावर त्यांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा मी त्यांना इकडे आणलं. जेवलो की नाही ते विसरायचे, पण एक छोटा एमपीथ्री प्लेअर कधी विसरले नाहीत. आईने त्यात एका हळदीला आपल्या बहिणींनी गायलेली लग्नाची गाणी रेकॉर्ड केली होती. वीसेक मिनिटांचं रेकॉर्डिंग. आई स्वतः गात नाही, मध्ये एकदा खोकते फक्त.

आमची गाडी जुनी, ब्लूटूथ नाही. स्टिरिओला काळी ऑक्स वायर, दोन्ही टोकांना पिन. दर रविवारी माहीमला निघालो की बाबा पुढे बसून स्वतः ती पिन प्लेअरला लावायचे. नीट बसेपर्यंत स्पीकरमधून नुसती घर्रघर्र, आणि मग एकदम मावश्या गायला लागायच्या.

त्या रविवारी आम्ही माहीमला जाणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी माझं ऑडिट होतं. बाबांनी पहाटेपासून तीच गाणी प्लेअरच्या छोट्या स्पीकरवर मोठ्याने लावली होती. नऊ वाजता माझं डोकं फुटायला आलं. मी प्लेअर त्यांच्या हातातून घेतला, पेन्सिल सेल काढून फ्रिजवर ठेवला आणि सांगितलं, "सेल संपला बाबा." ते बराच वेळ त्याची बटणं दाबत बसले. मी पाहिलं, आणि तरी सेल परत दिला नाही.

अकराला मी आंघोळ करून आले तर दार उघडं. बाबा नाहीत.

वॉचमन म्हणाला, "अंकल तो कान में वायर लगाके निकले. हमको लगा मॅडम को मालूम है." स्टेशन, रिक्षा स्टँड, भाजी मार्केट... फोटो दाखवून दाखवून मोबाईल तापला. पोलिसांना फोटो दिला. बीपीची गोळी घेतलेली नाही, पोटात काही नाही, वर ऊन. नितीन म्हणाला, माहीमलाच गेले असणार. गाडी काढली. माहीमला चुलतभाऊ सुधीर रस्त्यावरच उभा होता.

"ताई, आमी सगली वाडी बगितली. विहिरीत पन डोकावलो. काका इकडं आलेच नाय."

विहिरीत डोकावलो म्हणाला, आणि मी तिथेच रस्त्यात बसले. नितीनने उचलून गाडीत बसवलं.

पावणेपाच झाले असतील. परत निघालो. स्टिरिओ गाडीबरोबर आपोआप चालू व्हायचा, ऑक्सवरच. वायर माझ्या पायाशी लोंबत होती आणि स्पीकर घरघरत होता. नितीनने बंद करायला हात पुढे केला, मी म्हटलं राहू दे. का म्हटलं माहीत नाही. आणि मग मी त्या घरघरीलाच बोलायला लागले. "बाबा, चुकलं माझं. सेल मीच काढला. तुम्ही कुठे आहात? जिथे असाल तिथे बसा. पुढे जाऊ नका. बसा नुसते." वेड्यासारखी रडत होते. सव्वीस वर्षांच्या संसारात नितीनने मला असं रडताना पाहिलं नव्हतं.

पालघरच्या अलीकडे घरघर कमी झाली. आत, खूप लांबून, बायका गात होत्या.

नितीनने गाडी बाजूला घेतली. मी वायरची मोकळी पिन हातात धरली. कशालाच लावलेली नव्हती. गाणं चालूच... आणि मग आईचा खोकला.

"मलाच ऐकू येतंय का?"

"नाही," नितीन म्हणाला. "मलापण."

आम्ही बोईसरच्या रस्त्याला लागलो तर गाणं बुडालं. मागे वळलो तर परत आलं. मग दुसरा विचार केलाच नाही. केळवे रोडच्या बाजूला वळलो, तिथून आत. चुकीचा रस्ता घेतला की घरघर, बरोबर घेतला की मावश्या स्पष्ट. आणि आता गाण्याच्या मागे आणखी काहीतरी होतं – पाण्याचा खळखळाट. ते रेकॉर्डिंग हॉलमधलं आहे. त्यात पाणी कुठेही नाही.

गाडी माकुणसारला आली तेव्हा मला कळलं. ते आईचं माहेर. घर कधीच विकलं गेलंय, तिथे आमचं कोणी नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण गाणं घराशी थांबलं नाही. गाव ओलांडून खाडीच्या बांधापाशी रस्ता संपला, तिथे ते इतकं मोठं झालं की स्पीकर थरथरले.

मी उतरून बांधावर पळत सुटले. ऊन उतरलं होतं. भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं आणि बांधाच्या फटीतून खळखळत आत येत होतं. बाबा मधोमध मांडी घालून बसले होते. त्यांच्यापुढे दहा पावलांवर बांध पाण्याखाली गेलेला.

कानात इयरफोन. हातात प्लेअर. मी तो उलटा केला. झाकण उघडं, सेलची जागा रिकामी.

"बाबा, इथे का बसलात?"

"तूच बोलली ना, बस म्हणून." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "नितीनरावांसमोर एवढं रडायचं नाय."

गाडीत परत आलो तेव्हा स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. घरी पोचलो, सेल फ्रिजवर होता.

नंतर मी सगळं तपासलं. पालघरच्या स्टिरिओवाल्याने युनिट उघडून पाहिलं. "ताई, याचा रेडिओ पन मेलेला हाय. वायर लावल्याशिवाय काय वाजनार?" माकुणसार आमच्या मनात कुठेतरी असेल, म्हणून आम्ही तिकडे वळलो – हे मी स्वतःला सांगून पाहिलं. भास असेल, हेही. पण एकच भास दोघांना? आणि मी गाडीत रडले ते बाबांना कसं कळलं? डॉक्टर म्हणाले, या आजारात असं काहीबाही बोलतात. असेल.

हे सगळं मी बाबांनाच विचारायला हवं होतं. त्यांना नक्की काय ऐकू आलं, कुठून आलं. आज विचारू, उद्या विचारू करत राहिले, कारण उत्तराची भीती वाटत होती. आता उशीर झालाय. परवा त्यांना भरवत होते, तर त्यांनी अगदी अदबीने विचारलं,

"बाई, तुमचं गाव कुठलं?"

"माहीम," मी म्हटलं.

"असं?" त्यांना आनंद झाला. "मग आमच्या मुलीला ओळखत असाल."