मामांची अबलख सोनी

माणसाच्या तोंडाआधी त्याच्या खेचराचा रंग ओळखणारा माणूस उभ्या निजामाच्या मुलखात एकच झाला आणि तो आमच्या वाट्याला आला. ते माझे थोरले मामा. आष्टीला चांगली बैलशेती, पण जीव सगळा खेचरांत. ताईसाठी घनसावंगीला मुलगा पाहून आले तेव्हा आईनं विचारलं, "दादा, कसा हाय मुलगा?" मामा म्हणाले, "तोंड बराबर ध्यानात न्हाई. पण दारात खेचर काय बांधलंय! अंग बदामी, पाठीवरून काळा पट्टा, पायांवर आडव्या रेघा." "मंग पोरगी द्यायची का न्हाई?" "बिलकुल द्यायची!" ताईचा संसार सुखाचा झाला आणि त्याचं सगळं श्रेय मामांनी त्या खेचराला दिलं.

जुन्या जालन्याच्या बाजारात ते अंगठा ओला करून जनावरांच्या अंगावरचे ठिपके घासून पाहत आणि रंग सुटला की त्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. स्वतःच्या अबलख, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या घोडीला खेचर होणार म्हटल्यावर तेही अबलखच होणार, असं त्यांनी वर्षभर गावाला ऐकवलं. झालं ते नखशिखांत तपकिरी. गाव हसलं. "आईनं दिल्ते रे चट्टे, पण बाप गाढव आडवा आला!" असं म्हणून मामांनी त्या तपकिरी खेचरीचं नाव सोनी ठेवलं. पुढं चुलीवरची पहिली भाकरी सोनीला जाऊ लागली. मामी म्हणायच्या, "म्या बी खेचर झाल्ते तर बरं व्हतं."

लढाईच्या दिवसांत पलटणीसाठी खेचरं घ्यायला माणसं आली. नाही म्हणायची सोय नव्हती. चट्ट्यांचं जनावर शत्रूला लांबून दिसतं, म्हणून ते घेत नाहीत, एवढं मामांना कळलं होतं. सकाळी चावडीपुढं सोनी उभी राहिली ती अबलख होऊन! चुन्यानं कातडं पोळेल म्हणून मामांनी पांढरी माती कालवून चट्टे काढले होते. सगळं गाव बघायला जमलं होतं. पलटणीच्या जमादारानं एका चट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, मग मामांकडं. म्हणाला, "पटेलसाब, ये रंग बारिश तक टिकता क्या?" मामांनी सोनीचा दोर आणखी आवळून धरला. जमादारानं मातीचं बोट स्वतःच्याच विजारीला पुसलं आणि बरोबरच्या कारकुनाला म्हणाला, "चितकबरी है. छोड दो."

संध्याकाळी मामा सोनीला धूत होते, मी पाणी ओतत होतो. तिच्या मानेला कपाळ टेकून ते म्हणाले, "गावासमोर लबाड ठरलो. ठरू दे. तू दावणीला राह्यलीस, बास." मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्यासाठी इतकं लबाड होणारं कुणी असावं, असं अजूनही फार वाटतं.